वायफायच्या मापांवर प्रोजेक्ट करू द्यावा का?

प्रश्न : आम्ही विक्रोळीला राहतो. मुलगी एक्सटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) सहाव्या सेमिस्टरला आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिला वायफायमधल्या ‘चॅनल क्वालिटी फीडबॅक’वर करायचा आहे. मैत्रिणी ॲप नाहीतर मशीन लर्निंग घेताहेत. मिस्टर म्हणतात, एवढ्या बारीक विषयाला कोण विचारणार, प्लेसमेंट हातची जाईल. मला तर विषयच कळत नाही, मी कोणाची बाजू घेऊ? – एक आई

ताई, आधी विषयच समजून घेऊ. तो कळला की बाजू घेण्याचं ओझं बरंच हलकं होईल.

ब्लाउज शिवायला टाकताना टेलर मापं घेतो. आजच्या राउटरला अनेक अँटेना असतात. त्या सगळ्यांनी मिळून तुमच्या फोनकडे नेमका सिग्नल टाकायचा, तर राउटरलाही माप लागतं : भिंतींवर, कपाटावर आपटत सिग्नल फोनपर्यंत कसा पोचतो? ते फक्त फोनला कळतं. म्हणून राउटर डेटा नसलेलं एक रिकामं पॅकेट पाठवतो, फोन त्यावरून मोजतो आणि मोजलेलं परत कळवतो. हाच तो फीडबॅक. वायफायच्या २००९च्या ८०२.११एन या मानकात याच्या बऱ्याच पद्धती होत्या. २०१३च्या ८०२.११एसीने त्यातली एकच पक्की केली.

खरी गोम पुढे आहे. हे माप कळवायला वेगळी वाट नाही, ज्या हवेतून तुमचा व्हिडिओ यायचा त्याच हवेतून ते जातं. ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये डेटाचे २३४ सबकॅरियर, म्हणजे चॅनलचे बारीक बारीक पट्टे, असतात. राउटरला चार अँटेना आणि फोनला दोन असतील, तर एकेका सबकॅरियरमागे दहा कोन कळवावे लागतात, कारण माप कोनांच्या रूपात लिहिलं जातं. अगदी बारकाईने मोजले, म्हणजे पाच कोनांना नऊ-नऊ आणि पाचांना सात-सात बिट दिले, तर त्याला ८० बिट लागतात. म्हणजे एका फोनचा एक रिपोर्ट १८,७२० बिटांचा. त्यात कोणी खोलीतून चालत गेलं की माप जुनं होतं, पुन्हा घ्या. मापं घेण्यातच दिवस गेला तर ब्लाउज शिवणार कधी?

म्हणून मानकात काटकसरीची सोय आहे. शेजारच्या चार सबकॅरियरना मिळून एक माप घ्यायचं आणि कोन नऊ व सात बिटांऐवजी सात व पाच बिटांत बसवायचे. रिपोर्ट ३,७२० बिटांवर येतो, पाचपट लहान. पण माप ढोबळ झालं की राउटर एकाच वेळी तीन-चार फोनशी बोलत असताना एकाचा सिग्नल दुसऱ्यात घुसतो. किती ढोबळ चालेल, कोणाचं माप पुन्हा घ्यायचं, किती वेळाने घ्यायचं, हे तुमच्या मुलीला शोधायचं आहे. दाटीवाटीच्या मुंबईत, जिथे फोन उघडला की शेजाऱ्यांच्या वायफायची लांबलचक यादी दिसते, तिथल्या मुलीला हा प्रश्न पडावा याचा मला मनापासून आनंद झाला.

तेव्हा ‘बारीक विषय’ हे मिस्टरांचं म्हणणं मला पटत नाही. फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्येही फोन टॉवरला चॅनलची स्थिती कळवत असतो आणि तिथेही हीच काटकसर करावी लागते. इथे शिकलेलं तिथे चालतं.

प्लेसमेंटची त्यांची काळजी मात्र रास्त आहे. कॅम्पसवर येणाऱ्या बहुतेक कंपन्या सॉफ्टवेअरच्या असतात. त्या कोडिंग विचारतील, फीडबॅक नाही. ती तयारी तिने सोडू नये. वायफाय चिपचं काम करणाऱ्या क्वालकॉम, ब्रॉडकॉम, मीडियाटेक यांची ऑफिसं बेंगळुरूला आहेत. जवळचं म्हणाल तर पुणे : तिथे ऑफिस असलेली मोजो नेटवर्क्स ही वायफाय कंपनी २०१८मध्ये अरिस्टा या नेटवर्किंग कंपनीने घेतली. मुलीला घर सोडून जावं लागेल, हे घरात आत्ताच बोलून घ्या. नोकरी हातात आल्यावर तो वाद नको. आणि या कामाला सी भाषा आणि लिनक्स पक्कं लागतं.

प्रोजेक्टचं म्हणाल, तर तिने सगळं मानक अंगावर घेऊ नये. एकच प्रश्न धरावा : घरात माणसं वावरत असताना एक माप किती वेळ टिकतं? लॅमिंग्टन रोडवर ईएसपी३२ या वायफाय चिपचे छोटे बोर्ड काही शे रुपयांत मिळतात. एकाला एकच अँटेना, त्यामुळे राउटरसारखं दिशा साधणं त्याला जमणार नाही, पण चॅनलची कच्ची मोजमापं तो देतो. दोन बोर्ड घ्यायचे, एक स्वयंपाकघरात आणि एक बाहेरच्या खोलीत, आणि सकाळच्या धावपळीत व रात्री सामसूम झाल्यावर नोंदी करायच्या. मग पायथनमध्ये चार अँटेनांचं सिम्युलेशन करून बघायचं, की तेवढं जुनं माप वापरलं तर वेग किती घटतो. स्वतःच्या घरातला डेटा असला की परीक्षकासमोर बोलताना जीभ अडखळत नाही.

एक गोष्ट तिला तुम्हीच विचारा : मॅथ्समधल्या मॅट्रिक्स तिला आवडल्या होत्या, की पास होण्यापुरत्या केल्या? या विषयाचा गाभा तोच आहे. आवडल्या असतील तर गेट ही एमटेकच्या प्रवेशाची परीक्षाही द्यायला सांगा. २०२१पासून तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही ती देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. पुढे एमटेक करायचं ठरलं तर तुमच्या घरापासून आयआयटी पवई काही लांब नाही.

सुट्टी लागण्याआधी तिने कॉलेजात वायरलेस कम्युनिकेशन शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना गाठून, गाइड व्हाल का, असं विचारावं. सातवं सेमिस्टर सुरू झालं की चांगले गाइड आधीच ठरून गेलेले असतात.