गूगल ॲनालिटिक्स फोरमध्ये (जीए फोर) आपल्याच स्टाफच्या व्हिजिट कशा काढायच्या आणि शाखेच्या मॅनेजरला फक्त त्याच्याच शाखेचे आकडे कसे दाखवायचे?

तुमचं कपड्याचं दुकान, नागपूर, अमरावती, वर्धा अशा तीन शाखा, साईट एकच, अन् तिच्यावर किती लोक येतात ते तुम्ही गूगलच्या जीए फोरमध्ये बघता. स्टाफच दिवसभर साईट उघडून बसतो म्हणून आकडे फुगतात, आणि अमरावतीवाल्याला नागपूरचे आकडे दिसू नयेत असं तुम्हाला पाहिजे. भाऊ, ही दोन वेगळी कामं आहेत, एका फिल्टरनं दोन्ही होत नाहीत. जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये व्हायचं थोडंफार, शाखेचा वेगळा व्ह्यू, म्हणजे त्याच आकड्यांचा गाळलेला वेगळा कप्पा, बनवायचा अन् त्याचाच ॲक्सेस द्यायचा, पण १ जुलै २०२३ पासून ते बंद झालं आणि जीए फोरमध्ये व्ह्यू नाहीतच.

आधी फिल्टर. ॲडमिनमध्ये तुमच्या साईटची डेटा स्ट्रीम उघडा, तिच्या टॅग सेटिंगमध्ये 'डिफाइन इंटरनल ट्रॅफिक' आहे, तिथे दुकानाचा आयपी, म्हणजे दुकानातल्या इंटरनेटचा नंबर, टाकायचा, मग ॲडमिनमधल्या डेटा फिल्टरमध्ये जाऊन तो चालू करायचा. तिथे टेस्टिंग, ॲक्टिव्ह, इनॲक्टिव्ह असे तीन पर्याय दिसतील. टेस्टिंगवर काही दिवस ठेवाच. मी नव्हतं ठेवलं. संत्री ऑनलाइन विकणारे एक काका आहेत, ऐन आंबिया बहारात त्यांचं काम करत होतो, रोज बदलणाऱ्या आयपीला कंटाळून 'बिगिन्स विथ' निवडलं आणि नुसते पहिले दोन आकडे टाकून सरळ ॲक्टिव्ह करून टाकलं. त्या आकड्यांनी सुरू होणारं अर्धं गिऱ्हाईकच उडालं की! आम्ही नऊ दिवस जाहिरातीत चूक शोधून राहिलो, शेवटी काकांचाच फोन आला, "पेट्या तं रोज जाऊन राहिल्या, मग तुमच्या कॉम्प्युटरात लोकं कुठी गेले?" तो डेटा परत येत नाही बरं, फिल्टरनं गाळलेलं कायमचं गेलं, नागपूरच्या कळमना बाजारात चाळणीखालून नालीत पडलेल्या संत्र्यासारखं. लागू व्हायलाही २४ ते ३६ तास लागतात, म्हणून लगेच रिपोर्ट उघडून "चालतच नाही" म्हणू नका.

ब्रॉडबँडचा आयपी बदलत असेल, स्टाफ मोबाइलवरून बघत असेल, तर आयपीच्या नादी लागूच नका. एक खास लिंक बनवा, ती उघडली की ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे एक छोटी खूण, पडेल आणि टॅग मॅनेजर (साईटवरून जीएला माहिती पाठवणारं गूगलचंच साधन) ती खूण बघून प्रत्येक इव्हेंटसोबत ट्रॅफिक टाइप इंटरनल असं पाठवेल, मग वरचाच डेटा फिल्टर ते गाळेल. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती लिंक टाकायची, संपलं. फक्त आयफोनवाल्यांच्या सफारीत अशी कुकी सात दिवसांत उडते, त्यांना दर सोमवारी आठवण करून द्या, नाहीतर सोडून द्या, दोन आयफोनांनी काही बिघडत नाही.

आता शाखेनुसार आकडे बघायचे तर सेगमेंट, जीएच्या एक्सप्लोरेशन या भागात बनवायचे गट. त्यात मात्र काहीच फेकलं जात नाही, फक्त ढिगारे वेगळे करून बघायचे, त्यामुळे बिनधास्त चुका करा. एक गोम आहे. एका घरच्या लोकांनी लग्नाच्या खरेदीसाठी एकाच मोबाइलवरून अमरावतीचं पेज एकदा बघितलं आणि नागपूरचं दहादा, तर यूजर सेगमेंट त्यांच्या सगळ्याच फेऱ्या अमरावतीत ओढून आणतो. तुम्हाला बहुतेक सेशन सेगमेंट पाहिजे, तो एकेक फेरी वेगळी धरतो. आणि शाखा पेजच्या पत्त्यावरून ठरवा, शहरावरून नको, मोबाइलवर वर्ध्याचा माणूस बरेचदा नागपूर नाहीतर थेट मुंबईत दिसतो. अजून एक, एक्सप्लोरेशनचा डेटा आपोआप दोनच महिने राहतो, तो १४ वर करून घ्या, नाहीतर यंदाच्या दिवाळीची गेल्या दिवाळीशी तुलना करायला बसाल तर हाती काही लागणार नाही. हे आजच करा, मागचं गेलेलं भरून येत नाही.

आता मॅनेजर. प्रॉपर्टीवर, म्हणजे साईटच्या अख्ख्या जीए खात्यावर, व्ह्यूअर केलं की त्याला तिन्ही शाखा दिसणार, लपवता येतो तो फक्त खर्च आणि कमाई. प्रॉपर्टीचा फक्त एक भाग वेगळा काढून देणारी सबप्रॉपर्टी आहे, पण ती पैसेवाल्या ॲनालिटिक्स ३६० मध्ये, तुमच्या-आमच्या कामाची नाही. म्हणून त्याला जीएचा ॲक्सेस देऊच नका. लुकर स्टुडिओमध्ये (जीएचे आकडे रिपोर्टात मांडणारं गूगलचं साधन) शाखेमागे एक रिपोर्ट बनवा, अख्ख्या रिपोर्टला पेज पाथचा, म्हणजे पेजच्या पत्त्याचा, फिल्टर लावा, डेटा सोर्सला ओनरचे क्रेडेन्शियल ठेवा, म्हणजे आकडे मालकाच्या ॲक्सेसवर येतील, आणि त्याच्या जीमेलला फक्त बघायची परवानगी द्या. एडिटर केलं तर तो फिल्टर काढून टाकेल. डाउनलोड आणि कॉपीसुद्धा बंद करा. हे सगळं दुकानाच्या जीमेलवरून करा, एजन्सीच्या पोराच्या नको, त्याचा ॲक्सेस गेला की तिन्ही रिपोर्ट कोरे.

आणि हे करायच्या आधी ॲक्सेस मॅनेजमेंटची यादी एकदा उघडून बघा. काकांच्या यादीत साईट बनवून दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेलेला पोरगा अजून ॲडमिनिस्ट्रेटर होता. त्याला फोन केला तं तो म्हणे, "मलाच माहीत नव्हतं दादा, काढून टाका."