साखळी, दावं आणि पन्नास रुपये

प्राण्यांच्या कायद्यावर प्रश्न मागवले, तेव्हा पत्रं दोन गठ्ठ्यांत आली. एका गठ्ठ्यात फ्लॅटमध्ये कुत्रं पाळणारे, दुसऱ्यात तबेलेवाले आणि गावाकडे जनावरं असलेले मुंबईकर. दोघांच्याही पत्रांतून एकच समजूत डोकावते, की कायदा आहे तो समोरच्यासाठी. प्रत्यक्षात दोघांना लागू होणारं कलम एकच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११. त्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. पॉमेरेनियनही तोच आणि रेडकूही तेच.

आमच्या सोसायटीने सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला: कुत्र्याला लिफ्टमध्ये न्यायचं नाही आणि पाळणाऱ्याने मेन्टेनन्सबरोबर महिना पाचशे रुपये जादा भरायचे. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो, आमची लॅब्रेडॉर अकरा वर्षांची आहे. ठराव पाळावाच लागेल का? (मुलुंड)

नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना यावर स्पष्ट आहेत. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वेगळा आकार लावता येत नाही. जे मुळात अधिकारातच नाही ते हात वर करून अधिकारात येत नसतं. सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, पोच घ्या, सोबत तुमच्या डॉक्टरांचं पत्र जोडा. या वयात लॅब्रेडॉरचे खुबे कसे झालेले असतात ते त्यांना लिहू दे. तरीही ऐकलं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा.

आता तुमच्या बाजूचं. महापालिकेचा श्वान परवाना काढलाय का? रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र चालू आहे का? भांडण तक्रारीपर्यंत गेलं की सगळ्यात आधी हेच मागतात, आणि निम्मे लोक तिथेच गप्प होतात. घाण उचलायची पिशवी खिशात ठेवा. दोन लिफ्ट असतील तर कुत्र्यांसाठी एक ठरवून द्यायला सोसायटीला हरकत नाही, आणि तुम्हालाही नसावी. ज्या पोराला कुत्र्याची खरोखर भीती वाटते, त्याला आधी जाऊ द्यावं. हे कायद्यात नाही, पण त्याच मजल्यावर अजून वीस वर्षं काढायची आहेत.

शेजारच्या फ्लॅटमधला जर्मन शेफर्ड सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत बाल्कनीत बांधलेला असतो. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र तक्रार) लिहून घेतली आणि म्हणाले, दंड पन्नास रुपये आहे, काय करायचं सांगा. मग असल्या कायद्याचा उपयोग काय? (बोरिवली)

पोलीस खोटं बोलले नाहीत. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये हा दंड कित्येक दशकं आहे तोच आहे. तीन वर्षांत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आज दोन-तीन वडापावांत आटोपणारा दंड. २०२२ मध्ये तो वाढवण्याचा मसुदा केंद्राने लोकांपुढे ठेवला होता. मसुद्याने कुणाला पावती फाटत नाही.

पण दंडाच्या आकड्यावर थांबू नका. आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं हा त्याच कलमातला वेगळा गुन्हा आहे आणि तो खास कुत्र्यांच्या मालकांसाठी लिहिलाय. अन्न, पाणी, निवारा न देणं तिसरा. आणि कलम २९ कुणी वाचतच नाही: गुन्हा शाबीत झाला आणि जनावर त्याच मालकाकडे राहिलं तर त्याचे पुन्हा हाल होतील असं दिसलं, तर न्यायालय त्याची मालकी काढून घेऊ शकतं. पन्नास रुपयांना हसणारा माणूस चाळीस हजारांचं पिल्लू जाणार म्हटलं की नीट बसून ऐकतो.

हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणून एनसी. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं आणि खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. तेव्हा तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, पण नुसते भुंकण्याचे व्हिडिओ नकोत. भुंकणं म्हणजे क्रूरता नव्हे. मी असा कुत्रा तपासायला गेलो की आधी कोपर बघतो. फरशीवर तासन्‌तास पडून राहिलेल्या मोठ्या कुत्र्याच्या कोपरावरचे केस जातात, कातडी राखाडी आणि जाड होते, हत्तीच्या गुडघ्यासारखी. गळ्यातला पट्टा वर सरकवला तर खाली लाल वण. पाण्याचं भांडं बहुतेक वेळा साखळीच्या फेऱ्यात अडकून उपडं झालेलं. हे तीन फोटो न्यायालयात दहा व्हिडिओंपेक्षा जास्त बोलतात.

आणि एनसीच्या आधी एकदा त्यांची बेल वाजवा. बारा तासांच्या नोकऱ्या करणारं जोडपं असेल, कुत्रा हौसेने आणला असेल आणि आता दोघंही लाजेने मान खाली घालत असतील. कुणी संध्याकाळी फिरवून आणणारा लावून दिला की अशी प्रकरणं मिटताना मी पाहिली आहेत. सगळी नाही, पण पुष्कळ.

आमचा तबेला तीन पिढ्यांचा. गुराखी म्हणतो इंजेक्शनशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. सगळेच देतात. यात खरंच गुन्हा आहे का? (गोरेगाव)

आहे, आणि तो पन्नास रुपयांचा नाही. दूध काढण्यासाठी आरोग्याला अपायकारक अशी कुठलीही क्रिया, इंजेक्शनसह, कलम १२ मध्ये येते. एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, वर म्हैस सरकारजमा. बाल्कनीतल्या कुत्र्याच्या प्रकरणाला एनसी पुरते, इथे दखलपात्र गुन्हा दाखल होतो. आजची दुभती मुऱ्हा म्हैस कितीला पडते ते तुम्हाला मी सांगायला नको.

हे कलम मुळात ‘फुका’ या प्रकारासाठी आलं. म्हशीच्या योनिमार्गात हवा फुंकून तिला पान्हवायला लावायचं. गांधीजींनी दूध सोडलं त्यामागे ही फुक्याची किळस होती. पुढे मुंबईतच आजारपणात डॉ. दलाल आणि कस्तुरबा यांनी ‘गाई-म्हशीचं नको तर शेळीचं घ्या’ म्हणून त्यांना वळवलं. फुका मागे पडला, त्याची जागा ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनाच्या बाटलीने घेतली.

पत्रात तुम्ही पुढे लिहिलंय की पारडं, म्हणजे म्हशीची पिल्लं, ‘टिकत नाहीत’. खरी मेख इथे आहे. पारडू सडाला ढुशी देतं तेव्हा म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक आपोआप सुटतं, कासेतल्या बारीक स्नायूंना पिळा बसतो आणि दूध उतरतं. ते रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणून पान्हा सुटला की हात भराभर चालवावा लागतो. पारडूच नसेल तर म्हैस पान्हा चोरते आणि मग बाटली आलीच. वगार, म्हणजे मादी पारडू, असेल तर तिला दूध मिळतं. नर रेडकू असेल तर ते कोपऱ्यात बांधून ठेवतात आणि आठ-दहा दिवसांत ‘मेलं’ म्हणतात. ते मरत नाही, उपाशी मारलं जातं. आणि ते कलम ११ मध्ये येतं, अन्न न देणं म्हणून. एका चुकीतून दोन कलमं.

दूध पिणाऱ्यांना त्या इंजेक्शनाने काय होईल अशी भीती फार पसरवतात. ते पोटात गेलं की पचून जातं. मला काळजी म्हशीची आहे. रोज दोन वेळा कळा आणणारं औषध टोचलेली म्हैस पुढे बाटलीशिवाय पान्हवतच नाही, आणि गाभण ठरण्यातही त्रास देऊ लागते.

मग करायचं काय? धार काढणारा माणूस आणि वेळ बदलू नका. कास कोमट पाण्याने धुऊन हाताने चोळा. पेंड धारेच्या वेळीच पुढे ठेवा. पारडू मेलं असेल तर दुसऱ्या म्हशीचं पारडू लावून बघा. पहिले आठ-दहा दिवस दूध कमी येईल, गवळी शिव्या देतील, त्याला इलाज नाही. ऑक्सिटोसिन डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. तबेल्यात लेबल नसलेली बाटली सापडली तर औषध खात्याचं वेगळं लफडं. शिवाय शहरात गुरं पाळायला १९७६ च्या कायद्याने परवाना लागतो. परवान्यावर किती म्हशी आहेत आणि दावणीला किती, ते आजच मोजून घ्या.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. वडिलांनी बाजारातून शेतीसाठी बैलजोडी घेतली. टेम्पो वाटेत काही पोरांनी अडवला, पोलीस आले, बैल गोशाळेत गेले. आता गोशाळा रोजचा खर्च मागते. बैल आमचे, पैसेही आम्हीच द्यायचे? (कांदिवली)

आधी कडू उत्तर. २०१७ च्या नियमांनुसार खटला चालू असताना जप्त जनावर पांजरपोळात किंवा गोशाळेत ठेवता येतं आणि वाहतूक, चारा, औषध यांचा खर्च मालकाकडून घेता येतो. महिने गेले तर तो बैलांच्या किमतीवर जातो. म्हणून आज-उद्या न करता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ताबा मिळवण्यासाठी अर्ज करा. सोबत बाजार समितीची पावती, सातबारा, कानातल्या बिल्ल्यांचे बारा आकडी नंबर. बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक राज्यात जून २०२४ पासून बंद आहे, त्यामुळे बिल्ला नसेल तर तिथेच बाजू लंगडी पडते.

आता तुमच्या बाजूचं. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हणून बैल दिसला की संशय. पण शेतीसाठी बैल विकत घेणं आणि नेणं गुन्हा नाही. ‘कत्तलीसाठी नव्हता हे आरोपीनेच सिद्ध करावं’ अशी एक तरतूद त्या कायद्यात घातली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी रद्द केली. वकिलाला हे आवर्जून सांगा, खालच्या न्यायालयात विसरलं जातं. आणि रस्त्यात गाडी अडवून जनावरं उतरवण्याचा अधिकार त्या पोरांना नाही. संशय आला तर पोलिसांना फोन करणं एवढंच त्यांच्या हातात आहे.

एक प्रश्न मात्र विचारतो. टेम्पोत बैल कसे होते? पुढच्या वेळी निघण्याआधी पशुवैद्यकाकडून प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्या. साध्या मालवाहू टेम्पो-ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नकोत, सोबत एक माणूस हवा, खाली पेंढा हवा. मोकळ्या पत्र्यावर बैल घसरतो आणि घाटाच्या वळणावर खुराचं नख निघतं. वेसणीची दोरी फळीला आखूड बांधलेली असेल तर प्रत्येक ब्रेकला नाकपुडी ओढली जाते. दोन बैल नेणारा प्रामाणिक शेतकरी इथे चुकतो, आणि मग केस कत्तलीची टिकली नाही तरी क्रूरतेची टिकते.

मी रोज रात्री बिल्डिंगच्या गेटपाशी सहा भटक्या कुत्र्यांना खायला घालते. सुप्रीम कोर्टाने बंदी घातली म्हणून कमिटी ओरडते. (गिरगाव)

ताई, दोघंही अर्धं बरोबर आहात. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने वाटेल तिथे रस्त्यावर खायला घालणं बंद झालं, ठरवून दिलेल्या जागी घालायला परवानगी आहे. २०२३ च्या नियमांनी जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थेवर आणि पालिकेवर टाकली आहे. जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि येण्या-जाण्याच्या दारापासून दूर हवी. तेव्हा गेट नको. कमिटीकडे लेखी जागा मागा, आणि सहाही कुत्र्यांच्या कानाचं टोक छाटलेलं आहे का बघा. नसेल तर नसबंदीसाठी पालिकेला कळवा. त्याच आदेशानुसार नसबंदी आणि लस झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो, पिसाळलेला किंवा हल्लेखोर सोडून. शाळा, रुग्णालयं, स्टेशनं यांच्या आवारातून पकडलेले कुत्रे मात्र ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानंतर तिथे परत येत नाहीत.

बाकी कुत्र्यांवरून भांडणं ही मुंबईची जुनी खोड. १८३२ मध्ये पोलिसांनी कुत्रे मारायला घेतले म्हणून फोर्टात पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती आणि दंगल झाली होती. तुमची कमिटी त्या मानाने सौम्य आहे.

आमचा कुत्रा पार्सल देणाऱ्या मुलाला चावला. लस दिलेली आहे. पोलीस केस होऊ शकते का? (ठाणे)

होऊ शकते. जनावराबाबत हलगर्जी केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते नंतर बघू. त्या मुलाची जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली का? त्याला रुग्णालयात नेलं का? कुत्र्याला लस आहे म्हणून मुलाला नको, असं तुम्ही ठरवू नका, ते डॉक्टर ठरवतील. त्याचे बुडालेले दिवस भरून द्या.

गावी बैलगाडा शर्यतीसाठी खोंड घेतोय. पुन्हा बंदी येईल का? (लालबाग, मूळ आंबेगाव)

२०१४ ची बंदी, २०१७ ची राज्याची दुरुस्ती, डिसेंबर २०२१ ची तात्पुरती परवानगी आणि १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल, एवढं सगळं होऊन शर्यत कायदेशीर ठरली आहे. पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय नाही, आणि बैलाचे हाल केले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे मुंबईतल्या बाल्कनीत कुत्रा बांधला तर पन्नास रुपये आणि शर्यतीच्या घाटात बैलाची शेपटी पिरगाळली तर लाखांत. खोंड घेताना शेपटी मुळापासून टोकापर्यंत हाताने चाचपा. मणक्यांत गाठ लागली तर आधीच्या मालकाने काय केलंय ते कळेल. असा खोंड तीन डॉक्टरांनी पास केला तरी घेऊ नका.