यहोवाच्या साक्षीदारांनी आत्म्यांशी बोलणाऱ्या अनुवादकाचा आधार खरंच घेतला होता का?

हो, या ख्रिस्ती पंथाने घेतला होता. तुम्ही विचारता त्या गोष्टीला जळगावच्या तुमच्या काकू निव्वळ बदनामी म्हणतात, पण तसं नाही.

योहानेस ग्रेबर हा आधी जर्मन कॅथलिक पाद्री. त्याने केलेलं नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचं, भाषांतर १९३७चं. भाषांतरात आत्म्यांची मदत झाली, असं तो स्वतःच सांगायचा. नव्या करारातल्या योहान १:१ या वचनात (तिथे ‘शब्द’ म्हणजे येशू) ‘शब्द देव होता’ऐवजी ‘शब्द एक देव होता’ या अर्थासाठी साक्षीदारांनी १९६०-७०च्या दशकांत त्याचा दाखला दिला. १ एप्रिल १९८३च्या ‘टेहळणी बुरूज’ या आपल्या मासिकात त्यांनी ग्रेबरचा आधार घेणं सोडल्याचं छापलं, कारण दिलं की त्याच्या १९८०च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत आत्म्यांच्या मदतीचा उल्लेख आहे. पण त्याच मासिकाच्या १५ फेब्रुवारी १९५६च्या अंकात, म्हणजे दाखले देण्याआधीच, त्यांनीच ग्रेबरच्या आत्म्यांबद्दल लिहिलं होतं! मला खुपतं ते हेच.

मात्र त्यांनी बायबल ग्रेबरवरून उचललं, हा आरोप चुकीचा आहे. त्यांचा स्वतःचा नवा करार १९५०चा, म्हणजे ग्रेबरचे हे दाखले देण्याआधीचा, आणि त्यातही ‘एक देव’च आहे.

भुसावळला आमच्याकडे येणाऱ्या साक्षीदार ताईंना मी ओट्यावर बसवून हे विचारलं. चहाचा कप हातातच राहिला. म्हणाल्या, “दादा, हे मला कोणी सांगितलंच नाही.” काकूंशी वाद घालू नका, दोन्ही अंक शेजारी ठेवून त्यांनाच वाचू द्या.