पहिल्याच वर्षी पूर्ण संच घेऊ नका

मुलांना ख्रिस्ती पद्धतीनं घरीच शिकवायला सुरुवात करताय, तर सगळ्या विषयांच्या पुस्तकांचा तयार संच मागवायची घाई करू नका. गणित आणि वाचन-लेखन यांची क्रमवार पुस्तकं आधी घ्या, बाकीचं हळूहळू. ख्रिस्ती प्रकाशन आहे म्हणजे पुस्तक चांगलंच, असं अजिबात नाही. पानोपानी बायबलची वचनं आणि गोष्ट मात्र बेचव, अशीही बरीच असतात. मधलंच एखादं पान काढून मोठ्यानं वाचा. तुम्हालाच जांभई आली, तर मूल काय ऐकणार?

शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचा आग्रह असा, की विषयावर जीव असलेल्या लेखकाचं पुस्तक मुलाला द्यावं, एकदाच वाचावं आणि मग मुलानं ते आपल्या शब्दांत सांगावं. वर्कबुकातल्या गाळलेल्या जागा भरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. येशूनं सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला (पैसा उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो आणि थोरला रुसतो) सांगता सांगता मूल थोरल्या भावाच्या बाजूनं भांडायला लागलं, तर खुशाल भांडू द्या.

मिशनऱ्यांची चरित्रं जरूर आणा, पण त्यांना निर्दोष ठरवणारी नकोत. पवित्र शास्त्रानं दावीदाचं पापही झाकलेलं नाही. विज्ञानाच्या पुस्तकाची प्रस्तावना आधी स्वतः वाचा. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातल्या सृष्टिनिर्मितीच्या सहा दिवसांवर ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही, आणि लेखकाचं मत बहुधा तिथेच कळतं.