दारू काढून घ्या, रॉकेट राहू द्या

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार वडिलांचं पत्र, थोडक्यात: 'मुलगा अकरावी सायन्सला आहे. दिवाळीपासून रॉकेटचं खूळ डोक्यात शिरलंय. मोबाईलवर बघून इंधन घरीच तयार करतो, प्लॅस्टिकच्या पाइपात ठासतो आणि गच्चीवरून उडवतो. मागच्या महिन्यात पाइप फुटला, एक तुकडा पाण्याच्या टाकीत घुसला. अमेरिकेत लोक माणसाएवढाली रॉकेटं हौसेनं उडवतात, मला तेच करायचंय, जेईईचा क्लास बंद करा, म्हणतो. ह्याला मारावं की शिकवावं?'

दादा,

मारू नका. पण एक काम आजच करा. घरातलं ते इंधन आणि त्याचं सामान बंद. तयार माल शिल्लक असेल तर चुलीत, बंबात किंवा उकिरड्यावर टाकू नका. अग्निशमन दलाच्या माणसाला विचारून त्याची वाट लावा. टाकीवर निभावलं. तिथं पोराचा डोळा असता तर हे पत्र तुम्ही मला लिहिलं नसतं.

शिवाय परवान्याशिवाय दारू तयार करणं १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. हे परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचं, पेसोचं, मुख्यालय नागपुरात आहे, आणि 'पोरगं हौशी आहे' ही सबब तिथं चालत नाही. तुमच्या भागाला दारूकाम नवं नाही, हे मला माहीत आहे. कवठे एकंदची दसऱ्याची आतषबाजीची रात्र अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. त्यामुळे 'त्यात काय एवढं' असं घरातल्यांनाही वाटून जातं. पण शोभेच्या बाणाला परत यायचं नसतं. रॉकेटला यायचं असतं, आणि सगळी विद्या त्या परत येण्यात आहे.

मुलगा ज्या अमेरिकन हौशींची नावं घेतो ना, त्यांचे नियम त्याला वाचायला लावा. तिथं मोटरीला, म्हणजे इंधन भरलेल्या नळीला, इंग्रजी अक्षरं असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण जोर दुप्पट होतो. 'जी'पर्यंत खेळण्यातली, १६० न्यूटन-सेकंदांच्या (एकूण जोर मोजायचं हे माप) वर, म्हणजे 'एच'पासून, मोठी रॉकेटं सुरू होतात आणि तिथून पुढं प्रमाणपत्र लागतं. पहिल्या पायरीवर एच आणि आय, दुसरीवर जे ते एल आणि तिच्यासाठी लेखी परीक्षा, तिसरीवर एम आणि पुढची. ही माणसं प्रमाणपत्रासाठी इंधन स्वतः कालवत नाहीत, तपासून पास झालेली मोटर विकत आणतात. पेटवायची ती विजेच्या तारेनं, लांबून. एच मोटरला माणसं किमान ३० मीटर दूर, एमला दीडशे मीटर. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला की त्या दिवशी उड्डाण नाही. आणि बटण दाबूनही पेटली नाही, तर एक मिनिट कोणी जवळ जायचं नाही.

पहिल्या पायरीच्या उड्डाणात किती उंच गेलं याला गुणच नाहीत. सरळ गेलं का, पॅराशूट उघडलं का आणि जसं गेलं तसं शाबूत हाती आलं का, एवढंच बघतात. तुमच्या मुलाच्या किती रॉकेटांना पॅराशूट होतं, विचारून बघा. माझा अंदाज, एकालाही नाही. म्हणजे ज्यात जीव जाऊ शकतो आणि शिकायला सगळ्यात कमी मिळतं, तेवढंच तो करत बसलाय.

मग करायचं काय? कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, सायकलचा काटेवाला पंप आणि पाणी. हसू नका. भरलेल्या हवेचा दाब पाणी मागं फेकतो आणि बाटली वर जाते. बाटलीच्या शेपटाला पुठ्ठ्याचे तीन पंख, डोक्यावर थोडं वजन. तोल साधतो ती जागा बोटावर धरून शोधायची, तिथं दोरा बांधायचा आणि मोकळ्या रानात डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढं ठेवून फिरलं तर ते सरळ जाईल. आडवं होऊन भिरभिरलं तर पंख मोठे करा किंवा नाकात वजन वाढवा. वाऱ्याचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो गुरुत्वमध्याच्या, म्हणजे तोल साधतो त्या जागेच्या, मागं, रॉकेटच्या जाडीच्या निदान एकपट तरी, असावा लागतो. हेच गणित ओपनरॉकेट नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्याला खऱ्या रॉकेटसाठी मांडता येईल, त्याला दारूचा कणही लागत नाही. पुढची पायरी म्हणजे हवेचा दाब मोजणारा छोटा सेन्सर आणि आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. वर चढलं की दाब उतरतो. उतरायचा थांबला की माथा आला, पॅराशूट सोड. बाटलीत हवा भरताना मात्र चेहरा बाटलीवर वाकलेला नको, आणि चरे पडलेली बाटली सरळ फेकायची.

खऱ्या मोटरवर उडवायची संधी इथंही आहे, फक्त ती कॉलेजात गेल्यावर. इन-स्पेस ही केंद्र सरकारची संस्था कॉलेजच्या संघांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटच्या (डब्याएवढ्या नमुना उपग्रहाच्या) स्पर्धा घेते. तिथं रॉकेट त्याचं असेल आणि जबाबदारी जाणत्या माणसांची.

आता क्लासचं. तो बंद करायचा नाही. तिरुवनंतपुरमची अंतराळ शिक्षणाची संस्था आयआयएसटी असो वा आयआयटी मुंबईचं एरोस्पेस, दोन्हीकडची वाट जेईई ॲडव्हान्स्डमधूनच जाते. नाही जमलं तरी आभाळ कोसळत नाही. इस्रो इंजिनिअर घेते ते मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरचे. सीईटीतून सांगलीच्या वालचंदला मेकॅनिकल मिळालं तरी मी पेढे मागायला येईन. नाव नसलेल्या कॉलेजात भरमसाट फी भरून 'एरोस्पेस'चा शिक्का घेण्यापेक्षा ते कधीही बरं. या चुकीपायी वावर गहाण पडलेली घरं मी पाहिली आहेत. आणि त्याचा जीव खरोखर इंधनातच अडकला असेल, तर रसायनशास्त्र किंवा केमिकल इंजिनिअरिंग करू दे. पुण्यात संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा हेच काम करते, पगार देऊन, जाड भिंतींच्या आड.

हौस म्हणून जगायचं म्हणत असेल तर त्याला सांगा, त्या हौशींच्या घरातली चूल रॉकेटवर पेटत नाही. ते कुठंतरी नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी उडवायला जातात.

तो फुटका पाइप अजून असेल तर टाकू नका. मुलाच्या हातात द्या आणि विचारा, फाटला कसा, उभा की आडवा? उभा फाटला असेल तर का, हे त्यानं शोधून काढायचं. नळीच्या घेराला बसणारा ताण लांबीच्या ताणाच्या दुप्पट असतो, हे मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. त्याला ते आत्ता, टाकीच्या पैशात, शिकता येईल. आठ दिवसांत उत्तर नाही आलं, तर रविवारी त्याला पाइपासकट माझ्याकडे घेऊन या.