आकडा चाळीसच्या खाली आला, तेव्हा

"ताई, बोर्डानं नाही म्हटलं. आता अपील करून काही होतं, की उगीच चकरा?"

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देणाऱ्या मेडिकल बोर्डानं नाकारलं, की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरीच घरं येतात. उत्तर म्हणून मी आमच्या इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या एका काकूंची हकीकत सांगते. त्यांना विचारून सांगतेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

काकू 68 वर्षांच्या. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. घर काकूंच्या फॅमिली पेन्शनवर चालतं. मुलगा 41 वर्षांचा, 14 वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. गोळ्या नियमित आहेत, कानात येणारे आवाज जवळजवळ थांबलेत. पण उठावं, काही करावं, कुणाशी बोलावं ही इच्छाच आजारानं खाऊन टाकलीय. पूर्वी रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, मित्रांबरोबर राजवाड्यापर्यंत नाचत जाणारा मुलगा आता त्या दिवशी सकाळपासून खिडक्या लावून घेतो.

काकूंच्या मागं त्याचं काय, हा घोर. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते, आणि आई हयात असतानाच त्याचं नाव पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पीपीओमध्ये, घालून घेता येतं. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायला गेले, आणि हातात आकडा आला 40 च्या खालचा. सवलतींची बहुतेक दारं 40 टक्क्यांना उघडतात.

माझ्यासमोर बसल्यावर काकूंनी पिशवीतून कागद काढले. मी आधी तारीख पाहिली. निर्णयाला 71 दिवस झाले होते.

तारीख आधी का पाहिली ते सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 59 मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील आहे, आणि राज्याच्या 2017 च्या नियमांत त्याला 90 दिवसांची मुदत आहे. काकूंचे दोन महिने कलेक्टर कचेरीतल्या मंगळवारच्या जनसुनवाईत गेले होते. तिथं अर्ज घेतात, पावतीही मिळते, पण तो अर्ज म्हणजे अपील नव्हे आणि त्या पावतीनं मुदत थांबत नाही. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं. अपील कोणत्या अधिकाऱ्याकडे करायचं हे राज्य सरकार ठरवतं. सामाजिक न्याय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारायचं आणि त्यांचं नाव-पद लिहून घ्यायचं. काकूंच्या मुलीनं, ती देवासला असते, दुसऱ्याच दिवशी हे काम केलं. सोबत बोर्डानं दिलेल्या गुणांच्या कागदाची नक्कल लेखी मागितली. नक्कल हातात येईपर्यंत अपील अडवून ठेवू नका, असं मी तिला बजावलं. थोडक्यात हकीकत, हरकत कशावर आहे ते, आणि नाकारल्याच्या कागदाची प्रत, एवढं जोडून अपील आत गेलं पाहिजे. बाकीचे कागद मागून देता येतात.

नक्कल सुदैवानं लवकर मिळाली, आणि ती वाचताना काकू रडल्या.

मानसिक आजाराचं दिव्यांगत्व मोजायला आपल्याकडे आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. ती इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं तयार केली आणि 2002 मध्ये सरकारनं लागू केली. चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, आणि काम. प्रत्येकाला 0 ते 4 गुण. जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. त्यात आजार किती वर्षांचा याचे 1 ते 4 मिळवायचे. बेरीज 6 पर्यंत आली तर 40 टक्क्यांच्या खाली, 7 ते 13 आली तर 40 ते 70 टक्के.

मुलाच्या कागदावर होतं: स्वतःची काळजी 0, माणसांशी वागणं 1, बोलणं-समजणं 0, काम 1. आजार दहा वर्षांहून जुना, त्याचे 4. बेरीज 6.

"शून्य?" काकू म्हणाल्या. "अहो, मी ब्रशवर पेस्ट लावून हातात देते तेव्हा तो दात घासतो."

"हे तिथं सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. आदल्या रात्री त्यांनी त्याचा शर्ट इस्त्री केला. सकाळी न्हाव्याला घरी बोलावून दाढी करवली. डॉक्टरांनी विचारलं, आंघोळ-बिंघोळ करतो ना? काकू म्हणाल्या, हो हो, सगळं करतो. काम? मामेभावाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतो. खरं म्हणजे आठवड्यातून दोनदा तासभर नेऊन बसवतात, आणि गिऱ्हाईक आलं की तो मागच्या दारानं घरी निघून येतो. पण "दुकानात बसतो" हे वाक्य चौदा वर्षं नातेवाइकांना सांगून तोंडात बसलेलं. मुलाला विचारलं, कसं वाटतं? तो म्हणाला, बरं आहे. त्याला काहीही विचारा, बरं आहे एवढंच म्हणतो.

समोर नीटनेटका, शांत माणूस आणि तोंडभर ग्वाही देणारी आई. डॉक्टरांनी त्याहून वेगळं काय लिहावं? माझ्या मते चूक त्यांचीही होती; चार प्रश्न आणखी विचारायला हवे होते. पण घरांनीही हे ओळखावं. लेकराचं उणं चारचौघांत बोलायचं नाही ही आपली रीत. ती लग्नकार्यात, गणपतीत, शेजारपाजारी उपयोगी पडते. बोर्डाच्या खोलीत तीच आपल्या मुळावर येते.

काकू मला म्हणाल्या, "माझ्या तोंडानं मी त्याला निकामी कसं म्हणू?" या एका वाक्यावर आम्ही दोन बैठका घालवल्या. निकामी म्हणायला कुणी सांगितलंच नाही. सांगायचं ते एवढंच, की तुमचा हात काढून घेतला तर त्याच्या दिवसाचं काय होतं. सांगितल्याशिवाय तो काय करतो, एकदा सांगितल्यावर काय, आणि हाताला धरून काय? हा फरक बोर्डासमोर यायला हवा.

मी त्यांना एक वही दिली. पंधरा दिवस, जे घडेल तेवढंच लिहायचं. मत नाही, विशेषण नाही. वहीचं एक पान असं होतं:

"सोमवार. ब्रश हातात दिला. वीस मिनिटं नळाशी उभा. पाठीला हात लावला तेव्हा घासले. आंघोळ नाही. जेवायला तीनदा हाक. त्याची ताई आली, वर निघून गेला, ती जाईपर्यंत खाली आला नाही. शर्ट शुक्रवारचाच."

त्या पानात जे होतं ते दहा प्रमाणपत्रांत मावलं नसतं. सोबत सगळे जुने परचे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तारखेच्या क्रमानं लावले, दोनदा भरती केल्याचे डिस्चार्जचे कागद, उपचार करणाऱ्या मानसोपचार डॉक्टरांचं रोजच्या वागण्याबद्दलचं पत्र, आणि मामेभावाचं दुकानाबद्दल चार ओळींचं खरं निवेदन. घरची मंडळी सहसा फक्त आजाराचं नाव लिहिलेला कागद पुढं करतात. स्किझोफ्रेनिया आहे हे बोर्डानं नाकारलंच नव्हतं. भांडण होतं ते आजारानं रोजचं काय काय नेलं याचं.

शेजारच्या कुणीतरी काकूंना एक सल्ला दिला होता. आठवडाभर गोळ्या बंद करा, मग न्या, म्हणजे डॉक्टरांना दिसेल. हे मी इंदूरमध्ये फार ठिकाणी ऐकलंय आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. असं कधीही करू नका. गोळ्या बंद केल्यावर उलटलेला आजार पुन्हा ताब्यात यायला महिने लागू शकतात, आणि आजार उलटला की दर वेळी माणूस थोडा आणखी मागं सरकू शकतो. न्हाऊमाखू न घालता नेणं, काय बोलायचं ते पढवणं, हेही नको. खरं तेवढंच पुरेसं असतं, फक्त ते झाकायचं नाही.

मुलाशी मी वेगळी बोलले. त्याच्याच देखत त्याच्या उणिवांची यादी वाचली जाणार होती. ती त्यानं तिथं पहिल्यांदा ऐकू नये. मी सांगितलं, आई तुझ्याबद्दल अवघड गोष्टी बोलणार आहे, तुझ्या पुढच्या सोयीसाठी. चालेल? बराच वेळ तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई दमते." त्या खोलीत त्याच्याकडून "बरं आहे" सोडून दुसरं काही मी पहिल्यांदाच ऐकलं.

अपील 83 व्या दिवशी दाखल झालं, पोच घेऊन. नियमांप्रमाणे निकाल 60 दिवसांत लागायला हवा, आणि त्याआधी आपलं म्हणणं मांडायची संधी मिळायला हवी. ती मिळाली, फेरतपासणीचा आदेश झाला. या वेळी डॉक्टरांनी वही स्वतः चाळली. मग एकदम विचारलं, "आज शर्टाची बटणं कुणी लावली?"

काकूंनी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी लावली."

नव्या कागदावर गुण 12 आहेत. प्रमाणपत्र 40 टक्क्यांच्या वरचं झालं. पेन्शन कार्यालयाचा प्रश्न यानं सगळा सुटला असं नाही. तिथं तो स्वतः कमावू शकत नाही हे वेगळं दाखवावं लागतं. त्याचा अर्ज आता गेलाय. यात 40 वरच आकडा येतो अशी हमी मी कुणालाच देत नाही. मात्र 90 दिवस हातात असताना अपील न करणं मला पटत नाही.

काकूंनी वही बंद केलेली नाही. परवा त्या आल्या तेव्हा एक पान उघडून जरा घाबरतच माझ्यापुढं धरलं. "शनिवार. चहाचा कप स्वतःहून विसळून पालथा घातला. मी सांगितलं नव्हतं."

"ताई, हे लिहून चूक केली का? उद्या कुणी बघितलं तर?"

मी म्हटलं, "लिहा काकू. हेही लिहा."