मोकळ्या माळावर कायोटी बोलावताना

अरे, शिकारीसाठी कायोटीला, म्हणजे अमेरिकेतल्या त्या कोल्ह्या-लांडग्यासारख्या जनावराला, आवाज काढून जवळ बोलवायचं तर आवाज कुठला काढायचा ते नंतर, आधी वारा बघ. पश्चिम कॅन्ससच्या सपाट माळावर कायोटी सहसा सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे वाहतो तिकडे, जातो आणि वास घेतो. माणसाचा वास लागला की संपलं. म्हणून वारा आडवा घेऊन बस, खालची बाजू निदान २०० यार्डांपर्यंत उघडी दिसली पाहिजे. गाडी टेकाडामागे ठेव, दार आपटू नकोस. माथ्यावर नको, जरा खाली झुडपाला पाठ लावून, सूर्य पाठीशी घेऊन बस.

संकटात सापडलेल्या सशाचा केविलवाणा आवाज आधी हळूच काढ. जवळ कुणी असलाच तर मोठ्या आवाजाने बुजेल. मग वाढव. आणि २५-३० मिनिटं हलू नकोस. मी पहिल्यांदा कंटाळून उठलो, पिशवी खांद्याला लावली, तेव्हाच तो गवतातून उलटा पळताना दिसला. अजून डोळ्यांसमोर आहे. जानेवारी-फेब्रुवारीत, जोडीच्या दिवसांत, कायोटीसारखी हाळी देऊन बघ.

धावत आला तर तोंडाने एकदा भुंक, बहुतेकदा थबकतो. पण त्याच्या मागे गाय, घर, रस्ता काही नाही याची खात्री होईपर्यंत चापाला बोट लावायचं नाही. जमीनमालकाला आधी विचार, राज्याचा शिकारीचा परवाना खिशात ठेव.